भिकनचा रोट

मेहरूण, जळगाव. १९५३. श्रावण शु. ३
बदलीच्या गावी चांगलं घर लागलं. अंबाबाईला पूर्वेला बसवलं, साताऱ्याहून आणलेली साखर ठेवली. मालकीण बेबाबाई एकट्याच; मुलगा भिकन लहानपणी इथल्याच तळ्यात बुडाला. बाई बोलायला गोड. मी पाच वर्षं मुलासाठी नवस करते आहे, इथे पाळणा हलेलसं उगीच वाटलं.

श्रावण, सोमवार
काल त्यांच्याकडे कानबाई बसली, ही इकडची देवी. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट करतात. त्यांनी भिकनच्या नावानं घेतला. आज त्या विसर्जनाला गेल्या, तर उरलेल्या रोटाला मुंग्या. प्रसाद टाकवेना, झटकून खाल्ला. आल्यावर म्हणाल्या, "बाई, आमना रोट भाऊबंदच खातस. उरना ते जमीनमा पुरतस." मी पाय धरले. रागावल्या नाहीत. माझ्या पोटाकडे बघून हसल्या.

भाद्रपद व. ४
दिवस गेलेत! मुलगा झाला तर मामंजींचं नाव, माधव. फक्त तोंडाला सारखी लाळ सुटते, वाटी भरते. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणी काहींना होतं, चौथ्यात थांबेल.

कार्तिक शु. ११
थांबली नाही. नैवेद्याच्या ताटात थेंब पडला, सगळं उष्टं झालं. देवाजवळ जाणं सोडलं. अंबाबाईचं नाव घेतलं की तोंड भरतं. कानबाई म्हटलं की कोरडं. यांना सांगितलं, तर हसले.

पौष
आधी लाळेला गुळाची चव होती. आता शेवाळाची. बेबाबाई पोटावर हात ठेवून विचारतात, "भिकन, भूक लागनी का रे?" घर बदला म्हणायला तोंड उघडलं— नुसती धार. यांना पाटीवर लिहून दिलं. म्हणाले, या दिवसांत असलं मनात येतंच.

वैशाख
मुलगा. रडण्याआधी तोंडातून पाणी आलं. खूप पाणी—

बारसं
वन्सं येऊ शकल्या नाहीत. बेबाबाईच आत्या झाल्या. कानात काय सांगितलं कळलं नाही. यांनी पेढे वाटले. मी पदर तोंडात कोंबून—

श्रावण, रविवार
बेबाबाई गहू घेताहेत. सव्वा मूठ. बाळ त्यांच्या मांडीवर. हे शेजारी बसून कौतुकानं बघताहेत. ओरडता येत नाही— लिहून तरी ठेवते. पान ओलं, शाई फुटते— तो भिकन नाही. माझा आहे. त्याचं नाव मा