खबर देणाऱ्याचे नाव

चिखले, तालुका डहाणू
दि. ७ जून १९६२

तीर्थस्वरूप मोठे भाऊजी मोरू नारू यांस,

हंसाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी, वासंती आणि माझी आई खुशाल आहोत. तिकडची तुमची, चंद्रावती जाऊबाईंची आणि चारी मुलींची खुशाली कळवावी. तुमच्या होड्या वर ओढून झाल्या असतील. आमचं घर शाकारून झालं. आईचा गुडघा पाऊस जवळ आला की बोलायला लागतो, तो बोलू लागलाय.

पत्र बघून नवल वाटेल. डहाणू ते चिखले पायी जायचं अंतर, त्यात पत्र कसलं? पण समोर बसून बोलायला गेले तर माझा आवाज चढेल आणि सगळा पाडा गोळा होईल. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, बाजारात दोन टोपल्या पलीकडे ऐकू जातो. म्हणून लिहिते. तुम्हाला वाचता येतं. सावकाश वाचा आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

आधी चांगली बातमी. वासंती सातवीची फायनल पास झाली. मास्तर स्वतः घरी सांगायला आले. तिला शिक्षिका व्हायचंय. ट्रेनिंग कॉलेजात बिनबापाच्या मुलींसाठी राहणं-जेवण फुकट अशा दोन जागा आहेत, त्यातली एक तिला मिळेल असं मास्तर म्हणाले. अर्जाला एकच कागद कमी आहे. बापाच्या मरणाच्या नोंदीची नक्कल. मुदत २० जूनची. तो कागद गेला नाही तर पोरगी उद्या माझ्यासोबत टोपली घेऊन मसोलीच्या बाजारात बसेल. मी बसले, ती बसू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

मला वाटलं, यात अवघड काय? मेलेल्या माणसाचं मरण कुठं पळून जातंय! डहाणूच्या कचेरीबाहेर अर्जनवीस बसतो, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, स्टॅम्प लावला. तीन खेपा घातल्या. कारकुनाने १९५३ सालाचं रजिस्टर दोनदा पाहिलं. चंदर नारू नाही. मग त्याने विचारलं, प्रेत कुठं मिळालं? तुम्ही आम्हाला जे सांगितलं होतंत तेच मी सांगितलं. होडी उलटली, आठ दिवसांनी प्रेत झाईच्या खाडीला लागलं, फुगून ओळखू येत नव्हतं, ताइतावरून तुम्ही ओळखलंत आणि तिथंच अग्नी दिलात. ताईत तेवढा घरी आणलात.

"मग बाई, इथं कशाला शोधता?" कारकून म्हणाला. "मरण जिथं घडलं तिथल्या रजिस्टरात. नवरा डहाणूचा म्हणून मरण डहाणूचं होत नाही."

झाई तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती. मी उंबरगावला गेले. दोन राज्यं झाल्यापासून तिथल्या कचेरीत पाटीसुद्धा गुजरातीत लागलीय. तिथला म्हातारा शिपाई भला होता. "बेन, झाईनुं दफतर तो तलासरी गयुं," म्हणाला. माणसांची वाटणी झाली तशी कागदांचीही झाली, आणि झाई आपल्याकडे आल्यामुळे तिची रजिस्टरं आता तलासरीच्या कचेरीत. म्हणजे पुन्हा एस. टी., पुन्हा अर्ज, पुन्हा स्टॅम्प. एका मरणासाठी तीन कचेऱ्या झाल्या, भाऊजी. मासळीचे किती दिवस बुडाले ते सांगत नाही.

तलासरीत सूर्यकांत नावाचा कारकून आहे, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. उंबरगावहून रजिस्टरं आली ती लाल फडक्यांच्या रुमालांत बांधून, दहा-बारा गावं एकात एक कोंबून. अजून कुणी ती लावली नाहीत. पहिल्या दोन खेपांना तो म्हणाला, सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. तिसऱ्या वेळी मी ओसरीवर फतकल मारली. म्हटलं, मी उठत नाही, वाटलं तर पोलिसाला बोलवा. त्याला माझी दया आली की मासळीचा वास नकोसा झाला, कोण जाणे, पण त्याने एकेक रुमाल सोडायला घेतला. झाईच्या मरणात चंदर नव्हता. तो म्हणाला, पानं इकडची तिकडे झालीत, बाकीच्या गावांतही बघतो.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याने हाक मारली. "बाई, नवऱ्याचं पूर्ण नाव चंदर नारू ना? मूळ राहणार डहाणू?"

मी हात जोडले, भाऊजी. नवऱ्याचं मरण सापडलं म्हणून देवाला हात जोडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. डोळ्यांत पाणी आलं, वासंतीचं काम झालं म्हणून.

त्याने पान स्वतःकडे ओढून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, ही मरणाची पानं नाहीत. जन्माची आहेत."

मी म्हटलं, वाचा. नको म्हणाला. मी म्हटलं, मला चौथीपर्यंत येतं, द्या इकडे. आणि मी वाचलं. जन्मतारीख २ मार्च १९५५. मुलगा. बापाचं नाव चंदर नारू, मूळ राहणार डहाणू, हल्ली गवताची वखार, उधव्याच्या वाटेवर. आईचं नाव हिरू. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव असतं. तिथं लिहिलंय, मोरू नारू, मुलाचा चुलता. आणि सही. तुमची सही मी ओळखते, शेवटचं अक्षर नेहमी रेघेखाली घसरतं.

आता तुम्ही हे वाचताना काय करताय ते मला दिसत नाही, बरंच आहे.

मी त्या वखारीवर गेले नाही. कचेरीपासून फार लांब नाही म्हणतात. पाय उचलला होता, परत ठेवला. आपण सगळे समुद्राकडे बघत बसलो आणि समुद्राचा माणूस डोंगरात जाऊन गवत तोलत बसला. मासळीवाल्या बायासुद्धा तिकडे जात नाहीत, जागा छान शोधली. त्याच्याबद्दल मला काही लिहायचं नाही. त्याला दुसरी हवी होती, तो गेला, पुरुष जातात. पण त्याला मारलं तुम्ही.

तुम्ही भावासाठी डोकं भादरलंत. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. आठवतं? ऊन डोक्यावर आलं, कावळे झाडावर बसून बघत होते, एक खाली उतरेना. लोक म्हणाले, चंदरचा जीव पोरीत अडकलाय. मी हात जोडून ओरडले, पोरीला मी सांभाळीन, तुम्ही सुखाने जा. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवायला लावला. त्या मुक्या जनावरांना ठाऊक होतं की हा मेलेला नाही. तुम्हालाही ठाऊक होतं. मूर्ख तेवढी मी एकटी, नदीकाठी घसा फोडून रडणारी.

ते पोर जन्मलं त्या साली होळीला तुम्ही पेढे आणलेत. जाऊबाईंनी विचारलं, होळीला पेढे कसले? तुम्ही म्हणालात, नव्या जाळ्याचे. माझ्या हातावर एक ठेवलात आणि वासंतीला दोन दिलेत. परवा मी तारखा जुळवल्या. सवतीच्या पोराचे पेढे तुम्ही मला खायला घातलेत, भाऊजी, आणि मी गोड आहेत म्हणाले.

पुढच्या वर्षी इथल्या देवजीने पाटासाठी विचारलं. चांगला माणूस होता, वासंतीसकट न्यायला तयार होता. पंचांसमोर तुम्ही रडलात. चंदरच्या आत्म्याला शांती मिळणार नाही म्हणालात. मला वाटलं, काय माया आहे भावाची! मीच देवजीला नको म्हणून कळवलं. आज कळतं, ती माया नव्हती. नवरा जिवंत असताना बाईचा पाट लावून दिला तर पाप आपल्या माथी येईल, याची भीती होती. तेवढं पाप तुम्हाला नको होतं. बाकीचं चाललं.

रात्रंदिवस एकच विचार करतेय, एवढं लपवणारा माणूस सही करून कसा बसला? मग उमजलं. तुम्हाला चार मुली. नारूच्या घरात पहिला मुलगा जन्मला, पोलीस पाटील लिहायला बसला आणि तुम्हाला राहवलं नाही. तोंड बंद ठेवलंत, हात आवरला नाही. वासंती जन्मली तेव्हा तिची खबर द्यायला आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. मीच बाराव्या दिवशी ओली बाळंतीण पाटलाच्या दारात गेले होते.

नक्कल हवी का, असं त्या कारकुनाने विचारलं. मी स्टॅम्प लावून घेतली. जन्माची. ती माझ्या ट्रंकेत आहे, या पत्रासोबत पाठवत नाही.

आता माझं काम. उशिराची नोंद करता येते. प्रेत पाहिलेल्या माणसाने साहेबापुढे शपथेवर जबाब द्यायचा. कारकुनाने बजावलंय, जबाब खोटा निघाला तर जबाब देणारा आत जातो. मंगळवारी, १२ तारखेला, अकरा वाजता तुम्ही तलासरीच्या कचेरीत यायचं. मी ओसरीवर असेन.

मेला म्हणा. मग पोरीला जागा मिळेल आणि तुमचा भाऊ कायमचा मेलेला राहील. उद्या म्हातारपणी डहाणूची आठवण आली तरी त्याला या घरात, या जमातीत, पोरीच्या लग्नात पाऊल टाकता येणार नाही. मी टाकू देणार नाही. नाहीतर जिवंत म्हणा. मग जागा जाईल, आणि पोरीचा खर्च तिचा बाप करील. तो मी वखारीच्या दारात उभी राहून, याच आवाजात, वसूल करीन. खोट्याच्या बाजूने मी आहे असं समजा हवं तर. नऊ वर्षं तुमचं खोटं अंगावर वागवलंय, त्याचा माझ्या पोरीला एकदा तरी उपयोग होऊ दे. पण जे काय ते या खेपेला लिहून द्या. तोंडी फार झालं.

वासंतीला यातलं काही माहीत नाही. ती रोज संध्याकाळी बापाच्या ताइताला नमस्कार करते. तिला काय सांगायचं, तेही तुमच्या जबाबावर आहे.

जाऊबाईंना नमस्कार. मुलींना आशीर्वाद, त्यांचा काही दोष नाही.

पत्राखाली माझ्या नावाआधी गं. भा. लिहू की सौ., ते मला आज माहीत नाही. मंगळवारी तुम्ही सांगाल. तोवर नुसतीच,

हंसा