आलीचा लाल

बाबा, तुझा लाल रंग आता माझ्या नावाने ओळखला जातो. हे तुला कळावं म्हणूनच लिहायला बसले आहे.

सिंदेवाहीकडच्या आपल्या घरात सूत ताणायला, मागाच्या कांड्या भरायला, जंगलातून आलीच्या झाडाची मुळं खणून आणायला मी तुला चालत होते. फक्त त्या मुळांचा रंग चुलीवर चढला की तू दार लावून घ्यायचास. सोळाव्या वर्षी मी आपल्या अंदाजाने मडकंभर सूत रंगवलं. विटकरी, फिकट निघालं, तरी मला ते आवडलं होतं. तू ते मडकं अंगणात, शेजारच्या बायांसमोर पालथं केलंस. "तू लोकाच्या घरची. तुले शिकवून मी दुसऱ्याचं घर भरू काय?" मी चिखलातून सूत गोळा करते आहे आणि तू माझ्या चुलतभावाला हाक मारतो आहेस, "ये रे, तू पाह्य."

तो शिकला, दोन वर्षांत चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत लागला आणि सगळं विसरला. तुझे हात कापायला लागले तेव्हा मूलला, माझ्या सासरी, तीनदा निरोप आला. तिसऱ्यांदा मी आले. तू खाटेवर उठून बसलास. "बाई, आता तूच ऐकून घे. माझ्यासंगं नाई गेलं पायजे ते."

"मले नको," मी म्हणाले. "मी लोकाच्या घरची ना?"

तू रडलास. आई भिंतीकडे तोंड करून बसली. मला बरं वाटलं, बाबा. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. आठवड्याने तू गेलास.

आज माझ्याकडे सहा माग आहेत, सगळ्यांवर बायाच बसतात. गिऱ्हाईक विचारतं, हा रंग कोणाकडून शिकलात? मी सांगते, कोणाकडून नाही, चार वर्षं खपून मीच शोधला. तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही, घेणारही नाही. परवा चुलतभाऊ येऊन म्हणाला, "हा तर मोठ्या बाबाचाच रंग व्हय." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हा कागद आता चुलीत जाईल. त्याआधी एवढं लिहून टाकते. त्या दिवशी मी उठून निघाले, तरी तू माझ्या पाठीमागून बोलतच राहिलास. पाणी उकळू द्यायचं नाही, धायटीची फुलं टाकायची, कधी टाकायची, किती टाकायची. मी ओसरीवर वाकून चपलेचा पट्टा लावत होते. पट्टा केव्हाच लागला होता. तुझं बोलणं संपेपर्यंत मी उठले नाही.