डावीकडची दोन बोटं

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी डावीकडं झुकलीय! सकाळी देवाला फुलं तोडायला अंगणात गेले तेव्हा दिसलं. आधी वाटलं, चाकात हवा नाही. हवा होती. मागून पाहिलं, पुढून पाहिलं — पुढचा डावा कोपरा खाली. कुणी दार उघडून आत बसावं तशी.

ऋतुजाला फोनवर सांगितलं तिथंच चुकलं. पुण्यात बसून लेकीनं निकाल देऊन टाकला — "आई, जुनाट गाडी ती. भंगारात दे आणि इकडं ये. आरोहीला आजी हवी." आजी हवी म्हणजे शाळेच्या बसपर्यंत पोचवायला माणूस हवं! आई एकटी राहते, गाडी चालवते, हे तिच्या डोळ्यांत खुपतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तीस तारखेला तुझ्या बाबांचं वर्षाचं आहे. गावी, वैरागला, मी माझी गाडी स्वतः चालवत आणणार. नाही जमलं तर किल्ली तुझ्या हातात देईन आणि मुकाट्यानं पुण्याला येईन.

बोलून बसले. गणित शिकवण्यात जन्म गेला, पण बोलण्याआधी हिशोब करायचं काही जमलं नाही. आता गाडी सरळ झालीच पाहिजे.

५ नोव्हेंबर, बुधवार

सात रस्ता चौकात रहिमतुल्लाभाईंच्या गॅरेजवर गेले. यांचे जुने दोस्त. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत हाताची बोटं आडवी घालून ते माप घेतात — टेप असतो, पण खिशातून काढत नाहीत. रिकामी गाडी उभी. उजवीकडं चार बोटं गेली. डावीकडं दोन.

"स्प्रिंग बसली भाभी. शॉकअपबी गेला. आनि हे बघा खाली!" वाकून पाहिलं. नुसता गंज! आधीच्या मालकाकडं ही रत्नागिरीला होती, खाऱ्या हवेनं पोखरली. भाईंनी पेचकस टोचला तर पापुद्रे निघाले, करपलेल्या पापडासारखे. नटांवर रॉकेल ओतून ठेवलंय. मुरू दे म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उजवीकडचं सगळं निघालं. डावीकडचा एक बोल्ट काही हलेना. गॅसनं लाल केला, पान्याला लांब पाईप लावला, भाई आणि त्यांचा भाऊ दोघं लोंबकळले. पाईप वाकला, बोल्ट नाही! मी स्टुलावर बसून बघत होते. शेवटी माझ्याच तोंडून गेलं — "अहो, सोडा की आता! किती तो हट्ट!"

भाईंनी पाना लावला आणि बोल्ट फिरला. हातानं. जणू कालच तेल घातलं होतं.

भाई माझ्याकडं बघत राहिले. "किसको बोले भाभी?"

तुम्हालाच, म्हटलं. पण भाईंना मी जन्मात कधी 'अहो' म्हटलेलं नाही. ते त्यांनाही ठाऊक आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोन्ही जुन्या स्प्रिंगा फुटपाथवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची सारखी! केसाचा फरक नाही. भाईंनी त्या उलट्या करून पाहिल्या, पुन्हा सुलट्या करून पाहिल्या. "स्प्रिंग तर बसलीच नाय. मंग गाडी कशी बसली?"

तरी आता उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंना सगळं नवं टाकलं — स्प्रिंग, शॉकअप, खालचे आर्म, रबरी बुश. संध्याकाळी बोटं घातली. चार आणि चार! मी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, सगळ्या गॅरेजला पेढे वाटले. घरी येऊन ऋतुजाला फोटो पाठवला. 

९ नोव्हेंबर, रविवार

डावीकडं दोन बोटं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज भाई हट्टाला पेटले. डावी स्प्रिंग उजवीकडं, उजवी डावीकडं. नवी कोरी असली तरी एखादी खोटी निघते म्हणे. घातल्यावर तासाभरात पुन्हा डावाच कोपरा खाली आला. आमच्या डोळ्यांदेखत. हळूहळू. दाराचा आवाज तेवढा झाला नाही.

मग मला शिक्षिकेची खाज! म्हटलं, डाव्या बाजूला वजन आहे असं समजू. किती, ते तर काढता येईल. शेजारच्या दुकानातून ज्वारीचं पोतं आणवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. उजवी बाजू जास्तच दबली. मग थोडी थोडी ज्वारी काढत गेलो. पोतं अर्धं झालं तेव्हा दोन्हीकडं सारखी झाली. दोन बोटं, दोन बोटं.

म्हणजे अर्ध्या पोत्याएवढं काहीतरी डावीकडं आहे.

हे गेले तेव्हा दुखण्यानं अर्धेच उरले होते.

  भाईंनी सगळी ज्वारी परत पोत्यात भरली आणि पोत्याचं तोंड दोनदा बांधलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून टाकते. मनात ठेवलं तर आज झोप लागायची नाही.

यांना गाडी कधी चालवता आली नाही. शिकले मी, तेही चाळिशीत. हे डावीकडं बसायचे आणि सूचना द्यायचे. "ट्रक आला. हळू. म्हैस, म्हैस!" गतिरोधक दिसला की ब्रेक नसलेल्या जागी पाय आपटायचे — ठप! मी चिडायची. तुम्हीच चालवा म्हणायची.

गेल्या वर्षी दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा एकदा शेत बघायचं म्हणाले. वैरागला नेलं. येताना गप्प होते. मला वाटलं रुसलेत, कारण लवकर निघू या म्हणून मीच घाई केली होती. रस्ताभर मी एकटी बोलत होते. भांडतच होते म्हणा ना. अंगणात गाडी उभी केली, म्हटलं, उतरा, आलं घर. उतरले नाहीत. पट्टा होता म्हणून सरळ बसलेले होते.

शेजारच्या डॉक्टरांनी पाहून मान हलवली. वैरागला दिरांना फोन केला. चनबसप्पा भावोजी रडले, मग म्हणाले, "वैनी, हलवू नगा त्येंना. बसल्यालेच हाईत न्हवं? तसंच हिकडं घिऊन या." आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत, बसवूनच मातीत ठेवतात. भावोजींना वाटलं, देवानंच बसवून दिलंय. म्हणून मी तशीच गाडी वळवली. शेजारी हे. त्या फेरीत एकाही गतिरोधकावर पाय आपटला नाही. तेव्हा मला कळलं की हे गेले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं नव्हतं.

मला अजून राग येतो त्यांचा. न सांगता गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाईंबरोबर विजापूर रोडला चक्कर. गाडी मी चालवली, भाई मागं बसले. पुढं बसा म्हटलं तर "इथंच बरं हाय" म्हणाले.

पहिल्याच गतिरोधकाला डावीकडून आवाज — ठप. "बॉल जॉइंट असंल," भाई म्हणाले. दुसऱ्याला पुन्हा. तिसऱ्याला भाई पुढं वाकून कान देऊन बसले. मग एकदम म्हणाले, "भाभी, गाडी बाजूला घ्या."

घेतली. त्यांच्या कपाळावर घाम. "चाक चढल्यावर आवाज आला पायजे ना? हा तर आधीच येतोय. अजून गतिरोधक लांब हाय, तवाच!"

मला माहीत होतं. पहिल्या वेळीच कळलं होतं. ब्रेक दाबायला मला उशीर होतो, अशी यांची कायमची तक्रार!

१९ नोव्हेंबर, बुधवार

भाईंनी हात टेकले. "गाडीत काय खराबी नाय. आनि जे हाय ते माझ्या पान्यानं निघायचं नाय. तुमी चालवू नका भाभी. मेरी बात सुनो." किल्ली देताना माझा हात क्षणभर धरून ठेवला. असं कधी करत नाहीत.

मी गाडी घरी आणली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भीती वाटायला हवी. तीन दिवस वाट पाहिली, वाटलीच नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं! या घरात वर्षभर माझ्याच बोलण्याचा मला कंटाळा आला होता. आता भाजी आणायलाही गाडी काढते. बोलत बोलत जाते. टोमॅटो महागलेत, ऋतुजा माझं ऐकत नाही, आरोहीचे दोन दात पडले. सिग्नलला लोक बघतात. बघू देत. उत्तर येत नाही. पण हे असतानाही कुठं यायचं! पाय तेवढा आपटतात.

पुण्याला मी जाणार नाही. गाडी सरळ नसली तर नसू दे. चालते तर आहे ना? तीस तारखेला वैरागला पोचून दाखवते, मग किल्ली माझीच.

गॅरेजच्या लोकांनी माझ्या सीटवर ग्रीसचे डाग पाडलेत, पातळ खराब झालं. कपाटातून एक टॉवेल काढून सीटवर नीट पसरला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

भावोजींचा फोन. "समदी तयारी झालीया. पूजेला जंगम सांगितल्याती, मंडप सांगितलाय. तुमी कशा येनार वैनी? गाडी धाडू का?" मी म्हटलं, माझी गाडी आहे.  भावोजी म्हणाले, "तीच गाडी व्हय?"

तीच, म्हटलं.

"दादाच्या जागंला लई गवत वाढलंया. काल काढाय गेलो. माती खाली बसलीया. रिकाम्या जागंवानी." मग घाईघाईनं दुसरंच काही बोलू लागले.

ऋतुजा पुण्याहून थेट वैरागला येणार, आरोहीला घेऊन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज अक्षर वाकडं येतंय.

संध्याकाळी पूजेचं सामान गाडीत ठेवायला गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवरचा टॉवेल पाहिला. पहिल्यांदाच नीट पाहिला. पांढरा, निळ्या काठाचा. यांच्या कारखान्यातला. आयुष्यभर हे टॉवेलच्या कारखान्यात होते, घरात ढिगानं टॉवेल; पण हा यांचा स्वतःचा. एसटीचा.

गाडी घेण्याआधी आम्ही वैरागला एसटीनं जायचो. स्टँडवर बस वळायच्या आत हे पळत जायचे, खिडकीतून हात घालून हाच टॉवेल सीटवर टाकायचे. मग मी ऋतुजाला कडेवर घेऊन सावकाश चढायची. बस खचाखच, माणसं दारात लोंबतायत, पण टॉवेल टाकलेल्या सीटला कुणी हात लावत नसे. म्हाताऱ्या बायासुद्धा उभ्या राहायच्या. जागा धरलीय म्हटल्यावर संपलं! एकदा एक जण बसला तर सगळ्या बसनं त्याला उठवलं होतं.

इतके दिवस हे नुसते बसून होते. वाट बघत असतील, किंवा सोबतीला असतील. आणि मी! स्वतःच्या हातानं, यांचाच टॉवेल, माझ्याच सीटवर. यांच्या शेजारी.

टॉवेल ओढून काढला. घडी घालून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं. मग अंगणात जाऊन डाव्या काचेजवळ वाकले. मोठ्यानं सांगितलं — अहो, मला अजून यायचं नाही. आरोहीचे नवे दात यायचेत. मला बघायचेत ते. ऐकताय ना?

पहिल्यांदाच भीती वाटली. टॉवेल टाकलेली जागा सुटत नसते, हे मला यांच्याइतकंच ठाऊक आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

गाडी सरळ! अंगणात पाऊल टाकल्याबरोबर दिसलं. दोन्ही कोपरे एका रेषेत, नव्या गाडीसारखे. तिथूनच ऋतुजाला फोन लावला आणि ओरडले — हरलीस!

मग खात्री करावी म्हणून बोटं घातली. डावीकडं दोन.

उजवीकडं, माझ्या सीटच्या बाजूलाही दोनच. दार बंद आहे, किल्ली माझ्या मुठीत आहे, मी अजून गाडीबाहेर उभी आहे.