आईभोवतीची रेघ

पुणे,
४ जुलै २००५

चि. तेजल हिस,
बुद्धभूषणदादाचा जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझी फ्लॉपी पोचली. मोबाइलच्या गेमसाठी एवढ्याशा चौकोनांतून पाणी भरणारी बाई उभी केलीस, ऑफिसात सगळे खूश आहेत.

आता कान पिळतो. सगळीकडे सारखीच काळी रेघ ओढून तू तिला कापून चिकटवल्यासारखी केली आहेस. उजेड डावीकडून येतो ना? मग त्या खांद्यावरची रेघ पुसून टाक. लुगडं हिरवं, तर बाकीची रेघ गडद हिरवी घे. आणि चेहरा कोरा का? डोळ्यांचे दोन ठिपके दे, बाई.

काकांना जय भीम सांग. रागावू नकोस, शिकवतोय, पण माया आहेच.

तुझा,
दादा

एकलहरे, नाशिक,
१२ जुलै २००५

ती. दादास,
तेजलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

रेघ पुसली, ठिपके दिले आणि हात थांबला. ती आई होती, दादा. कमरेवर हंडा घेताना मान तश्शीच कलायची. मी मुद्दाम काढली नव्हती.

बाबा वीज केंद्रातली पाळी संपवून आले, माझ्यामागे उभे राहिले आणि चित्रातल्या आईला म्हणाले, की सुला, बाहेर का उभी, आत ये. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते धड बोललेच नव्हते. आता ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतात, दिवसभराचं सगळं तिला सांगतात. मला तो बंद करू देत नाहीत.

काल म्हणाले, की खांद्यावरची रेघ परत घाल, ती तिथून विरत चाललीय. मला हसू यायला हवं होतं. पण पाहिलं तर खांदा खरंच फिका वाटला. रंग तपासले, होते तेच होते.

तुमच्या गेममध्ये साप चावला की ही बाई कोसळते ना? तिला तिथे नेऊ नकोस.

आठवण ठेव.
तेजल

पुणे,
१८ जुलै २००५

चि. तेजल हिस, अनेक आशीर्वाद.

मावशीला गेममधून काढलं. साहेब ओरडले, मी दुसरी बाई काढून देतो म्हणालो.

माझा सल्ला चित्रापुरता होता, पोरी. काका म्हणतात तशी काळी रेघ परत घाल. पण ते कामावर जातात का, झोपतात का, हे खरं खरं कळव.

जपून राहा, दोघंही.
दादा

एकलहरे,
२५ जुलै २००५

ती. दादास, सप्रेम जय भीम.

रेघ घातली. बाबा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, की आता ती कोंडल्यासारखी दिसते.

त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला. डाव्या खांद्यापासून एकेक चौकोन पुसत गेले. रेघ, लुगडं, हंडा, कपाळ. मी अडवलं नाही. शेवटी डोळ्यांचे दोन ठिपके उरले, तेव्हा त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. म्हणाले, हे तू पूस. मी पुसले. त्यांनी डोळे कोरडे केले, आज भात मी लावतो म्हणाले आणि आत गेले.

मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला, तर त्याने विचारलं, केलेले बदल ठेवायचे का. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता. मी ‘नाही’ दाबलं; आई फाइलमध्ये होती तशीच राहिली.

बाबांना हे सांगू नकोस. मला मात्र पत्र लिहीत जा.

तुझी,
तेजल