दौलतराव मास्तरांच्या पिशवीतला गोळा

स्नेहलतागंज, इंदूर
१४ मार्च १९५३

ती. अप्पासाहेब मामांना अच्युतचा साष्टांग नमस्कार. आडवा पडलोच आहे तर उठायच्या आधी कबूल करून टाकतो. आपले शेजारी, ड्रॉइंगचे दौलतराव मास्तर हवालातीत आहेत, ते माझ्यामुळे. बाकी तुमचे गुडघे कसे आहेत? ती औषधाची गोळी रोज घेता ना?

झालं असं, मास्तर निघाले मानपुरला, भाचीच्या लग्नाला. मी चिंचगुळाचा दोन शेरांचा गोळा मळला, खेड्यातले लोक अफू बांधतात तसा खसखशीच्या पानांत बांधला, न् त्यांच्या पिशवीत अहेराच्या लुगड्याखाली सरकवला. (मांडवात पिशवी उघडली की पाहुणे कसे उडतील, एवढंच डोक्यात होतं, कसम से.) पण मांडवाच्या आधी नाका आला, मामाजी, न् गोळा अफू म्हणून धरला. मध्यभारत राज्य झाल्यापासून आबकारीवाले लई कडक.

काल जामिनाचा अर्ज होता. सरकारी वकील म्हणाला, एवढा माल म्हणजे बडा व्यापारी, सोडला की फरार होईल. आपला वकील म्हणाला, हुजूर, हा माणूस बायकोला विचारल्याशिवाय राऊ गावाच्या पुढे जात नाही. (मागून मास्तरीणबाई, द्वारकाबाई, "मानपुरला पण मीच पाठवलं होतं!") मला राहवलं नाही, ओरडलो, "साहब, चख के देख लो!" मॅजिस्ट्रेट चष्म्यावरून बघून म्हणाले, पुरावा खात नसतात. गोळा तपासायला जाणार, रिपोर्टला दोन महिने. मी वकिलाला खरं सांगितलं तर तो म्हणे, चुप बैठ, तू आत जाशील न् ते बाहेर येणार नाहीत.

न् मास्तर? गजाआडून मलाच म्हणतात, "अच्युत, सातवीच्या परीक्षेची चित्रं घरी पडलीत रे, शाळेत पोचव. पोरं वाट बघत असतील." माझ्यावर शक सुद्धा नाही. एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मॅजिस्ट्रेट विरघळले. इंदुरात स्वतःचं घर असलेला इज्जतदार माणूस जामीन राहिला तर सोडतो म्हणाले.

तुमचा भाचा,
अच्युत

ता. क. असा माणूस तुम्हीच. देवासला राहता, पण घर तर इथलं. नाव देऊन टाकलंय. बुधवारी अकराला, घराचे कागद घेऊन या.

आणखी एक ता. क. गोळ्याला खरा वास यावा म्हणून गेल्या महिन्यात तुमच्या चांदीच्या डबीतली हरभऱ्याएवढी "औषधाची गोळी" उचलली होती. रिपोर्टात तेवढी खरी निघेल. निघाली तर मी उभा राहून सगळं कबूल करीन, डबी सोडून. पण आधी मास्तर घरी येऊ द्या. तोवर पाया पडतो मामाजी, कोणाला सांगू नका. आईला तर बिलकुल नाही.