चारशे बारा वेळा वरीलप्रमाणे

सोमवार, ३ मार्च

संपलं एकदाचं. चारशे बारा नावं, दोन दिवसांत! आमच्या मतदार यादी शाखेत आम्ही बारा कारकून. सगळ्यांत आधी माझं रजिस्टर साहेबांच्या टेबलावर गेलं. साहेबांनी पान उलटून बघितलं. "अक्षर काय सुंदर आहे हो, बाई." बास. एवढ्यासाठी माणूस मान मोडून बसतो.

साहेबांच्या मागे भिंतीवर तक्ता आहे. जिल्ह्यातल्या मतदारांची संख्या पाच वर्षं नुसती जिना उतरतेय. नवीन नाव घालायला कुणी येत नाही, जुनी आम्ही काढतो. साहेब याला यादीची स्वच्छता म्हणतात. शेजारच्या टेबलावरची टाचणी (खरं नाव वेगळं, पण अंगानं आणि जिभेनं ती टाचणीच) हळूच म्हणाली, "अशीच स्वच्छ होत गेली तर पुढच्या खेपेला आपण बारा जणच मतदान करू." हसू दाबताना मला ठसका लागला.

मंगळवार, ४ मार्च

मनगट दुखतंय. टाचणीनं मलम दिलं.

रविवार, ९ मार्च

कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर लागली, की अण्णा चष्मा आणि फूटपट्टी घेऊन निघतात. वडील माझे, वय एक्याऐंशी, आयुष्यभर बस चालवली. पट्टी ओळीखाली धरून स्वतःचं नाव वाचतात आणि घरी येऊन सांगतात, "आहे मी." दर वेळी. मी दर वेळी म्हणते, "दिसताय की."

आज आले. पट्टी टेबलावर ठेवली. म्हणाले, "नाही मी."

मला वाटलं, चष्म्याचा घोटाळा. स्वतः गेले. अण्णांच्या नावावर आडवी रेघ आणि पुढं शेरा — स्थलांतरित. खालच्या ओळीत मी. मीसुद्धा स्थलांतरित! रोज सकाळी साडेनऊला याच गल्लीतून ऑफिसला जाणारी मी! मग शिंपी, त्याची बायको, कोपऱ्यावरची नर्स, तिची सासू... सगळी गल्लीच उठून कुठंतरी निघून गेलेली.

अण्णा जेवताना एकदाच बोलले. "कुठं गेलो गं मी? वर्षभरात बाजारापलीकडे पाऊल टाकलेलं नाही."

कुठल्या गाढवानं हे केलंय ते उद्या बघतेच.

सोमवार, १० मार्च

गाढव मीच.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. गेल्या वर्षी सगळ्या घरांचे नंबर बदलले. आमचं सात नंबरचं घर एकशे अठरा झालं. यादीतला गल्लीचा भागसुद्धा बदलून एकोणीस झाला. पण नव्या नंबरांच्या पाट्या कुणी दारांवर लावल्याच नाहीत. त्या अजून आमच्याच ऑफिसच्या जिन्याखाली खोक्यांत आहेत, त्यावर शिपाई डबा ठेवतो. पडताळणीची पत्रं मात्र आम्ही नव्या नंबरांवर धाडली. नवा पोस्टमन एकशे अठरा शोधत फिरला असेल बिचारा, आणि गल्ली नव्वदला संपते. पत्रं परत आली. "पत्ता सापडला नाही."

पत्र परत आलं तर कारकुनानं स्वतः घरी जाऊन बघायचं आणि मगच नाव काढायचं, असा नियम आहे. त्यासाठी रजिस्टरात रकाना आहे — घरभेट. घरी कुणी जात नाही. बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं, की पहिल्या ओळीत पूर्ण लिहायचं, "घरभेट दिली. कोणी राहत नाही," आणि खाली शेवटपर्यंत एकच शब्द. वरीलप्रमाणे. आम्ही बाराही जण असंच करतो.

रजिस्टरात नावं नसतात, नुसते अनुक्रमांक. आज यादी शेजारी ठेवून लावून बघितले. दोनशे सहा, अण्णा. वरीलप्रमाणे. दोनशे सात, मी. वरीलप्रमाणे. अक्षर खरंच सुंदर आहे.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांना सांगितलं, भाग एकोणीसची सगळी नावं चुकून गेली आहेत. त्यांनी मान वर केली नाही. "ज्याला हवं असेल त्यानं अर्ज करावा. पुराव्यासह. एकतीस तारखेपर्यंत." मी म्हटलं, चूक आपली आहे. त्यावर मान वर झाली. "आपली म्हणजे कुणाची?"

'माझी' असं काही मला म्हणवलं नाही. लाज वाटते लिहायला, पण नाही म्हणवलं.

रविवार, १६ मार्च

शनिवार-रविवार दोन्ही दिवस गल्लीत अर्ज घेऊन फिरले. चपलेचा अंगठा तुटला. चारशे बारांपैकी एकतीस अर्ज भरून झाले.

लोक रागावत नाहीत, हेच वाईट. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नर्स म्हणाली, तीन पाळ्या करून रांगेत कोण उभं राहणार? शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "ताई, नाव असलं काय, नसलं काय. गटार तुंबलं म्हणून चार अर्ज दिले. पाचवा कशाला देऊ?" मी गटार आणि यादी ही वेगळी खाती आहेत असं काहीतरी बोलले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मशीनचं चाक फिरवलं. मला माझंच बोलणं साहेबांसारखं वाटलं.

घरी अण्णा विचारत होते, किती झाले? एकतीस म्हटल्यावर चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ज्यानं लिहिलं ना, कोणी राहत नाही, त्याला एकदा घरी बोलव. मी भांडणार नाही. चहा देईन आणि विचारीन, बाबा रे, आला होतास का?"

मी उठून भांडी घासायला घेतली. भांडी घासलेलीच होती.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं अण्णांना. मला दुपारी सुट्टी टाकून घरी आलेलं बघूनच त्यांना शंका आली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, शाळेत पाढा म्हणतात तसं.

अण्णांनी पट्टी हातात घेतली, खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे घरभेट दिली हे खरंच लिहिलंस. रोज येतेस की घरी."

मारलं असतं तरी परवडलं असतं.

गुरुवार, २० मार्च

 सकाळी मी ठेवलेला चहा अण्णांनी प्यायला, एवढंच.

मी निघताना दारात म्हणाले, "चूक लिहून केलीस ना? मग लिहूनच निस्तर. तोंडी रडून माझं नाव परत येणार नाही."

शुक्रवार, २१ मार्च

नियमांचं जाड पुस्तक कपाटातून काढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पान एकशे चाळीसवर सापडलं. घरभेट न देता नाव काढलं असेल तर ते काढणं मुळातूनच रद्द. अर्ज नको, पुरावा नको, सगळी नावं एकदम परत. फक्त ज्यानं भेटीची नोंद केली त्यानं लेखी द्यायचं, की भेट दिली नव्हती.

म्हणजे मी.

डबा खाताना टाचणीला दाखवलं. तिचा घास हातातच राहिला. "अगं, नोकरी जाईल तुझी." मग आवाज आणखी खाली आणून, "आणि तू एकटी नाही बुडणार. तुझं रजिस्टर उघडलं की आमची उघडतील. माझी दोन पोरं शिकतायत." अकरा वर्षं आम्ही एकाच डब्यातलं खातो. आज तिनं तिचा डबा बंद करून उचलला. तिचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

भीती वाटते. माझ्या पगाराशिवाय अण्णांची औषधं कशी येणार? निवृत्तीला बारा वर्षं आहेत.

सोमवार, २४ मार्च

दिलं.

चार ओळी. "भाग एकोणीसमधील चारशे बारा मतदारांच्या घरी मी भेट दिलेली नाही. रजिस्टरातील नोंद खोटी आहे. ती मी केली आहे." आवक खिडकीवर शिक्का मारून क्रमांक घेतला, म्हणजे कुणाला कागद हरवता येणार नाही. आपल्याच ऑफिसवर एवढा विश्वास आहे माझा!

अर्ध्या तासात साहेबांचं बोलावणं. दार लावून म्हणाले, "परत घ्या. झोपेत लिहिलं म्हणा, तब्येत बरी नव्हती म्हणा." नाही म्हटलं. "बाकीच्या अकरा जणांचा तरी विचार करा." केला म्हटलं, तीन रात्री तोच केला. आवाज बरा निघाला.

मंगळवार, २५ मार्च

निलंबित का करू नये, याचा खुलासा मागणारी नोटीस आली. शुक्रवारी खुली सुनावणी. शाखेत चहा आला, अकरा कप. शिपाई माझ्या टेबलाला वळसा घालून गेला. टाचणीची खुर्ची आता खिडकीकडं तोंड करून आहे.

मी घरून थर्मास नेणार उद्यापासून. चहावाचून कुणी मरत नाही, पण मी चिडते.

शुक्रवार, २८ मार्च

सभागृहात साठ खुर्च्या. एरवी खुल्या सुनावणीला सात माणसं असतात, त्यातली पाच आमचीच. आज उभं राहायला जागा नव्हती! नर्स पाळी संपवून गणवेशातच आलेली. अण्णा पहिल्या रांगेत, पट्टी शर्टाच्या खिशात. आणि मागं भिंतीला टेकून शिंपी. दुकान बंद करून! मी विचारलं, तुम्ही कसे? तर म्हणाला, "या इमारतीत कुणीतरी 'माझं चुकलं' म्हणणार आहे असं अण्णांनी सांगितलं. म्हटलं, बघून तरी यावं."

जिल्ह्याच्या प्रमुख बाईंनी मला विचारलं, नोंद तुमचीच? माझीच. भेट दिली होती? नाही. एवढंच.  मग त्यांनी चारशे बारा नावं यादीत परत घालायचा आदेश दिला आणि पुढच्या वाक्यात मला निलंबित केलं. दोन्ही एकाच आवाजात.

अण्णा उठले. "बाकीच्या भागांचं काय? तिथंही सगळं 'वरीलप्रमाणे'च असणार." साहेब पुढं झाले, "त्या अकरा रजिस्टरांत काही दोष नाही. हा एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा आहे." प्रमुख बाईंनी विचारलं, कुणाचं लेखी आहे? कुणाचंच नव्हतं. चार हजार तीनशे नावं तशीच राहिली. मी शाखेच्या रांगेकडं बघितलं. सगळे स्वतःच्या बुटांकडं बघत होते.

शनिवार, २९ मार्च

बावीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी काय करायचं ते सुचेना. सकाळी नगरपालिकेची गाडी आली, जिन्याखालची खोकी घेऊन. पाट्या! अण्णांनी शेजाऱ्याच्या हातून हातोडी ओढून घेतली आणि एकशे अठरा स्वतः ठोकली. वाकडी लागली आहे. राहू दे.

दुपारी शिंपी आला. मला वाटलं, सहज. तर मागं त्याची धाकटी बहीण, तिच्या मैत्रिणी, असे नऊ जण. यांची नावं कधीच घातलेली नाहीत, अर्ज कसा भरायचा? संध्याकाळपर्यंत ओसरीवर सव्वीस अर्ज झाले. निलंबित माणसानं सल्ला द्यायला बंदी नाही, मी पुस्तकात बघून घेतलं. शिंपी जाताना म्हणाला, "गटाराचा पाचवा अर्जही लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

रविवार, ३० मार्च

नवी यादी लागली. अण्णा चष्मा आणि पट्टी घेऊन गेले. मी दारातच उभी होते.

"आहे मी," म्हणाले. मग, "तूही आहेस."

मला रडू आलं. कित्येक महिन्यांनी, छान पोटभर.

सोमवार, ३१ मार्च

दुपारी बारा वाजता दार वाजलं. टाचणी! ऑफिसच्या वेळेत! "पाटी लावलीत म्हणून सापडलं घर," म्हणाली आणि उंबऱ्यातूनच कागद पुढं केला. वर आजचा आवक शिक्का, सकाळी दहा पाचचा. खाली तिचं तिरपं अक्षर. "माझ्या रजिस्टरातील एकाही मतदाराच्या घरी मी भेट दिलेली नाही." सही. त्याखाली दहा ओळी. दहा वेगवेगळ्या हातांनी एकच शब्द लिहिलेला आणि पुढं सही.

वरीलप्रमाणे.