बाबांच्या खोलीतला वास

धंतोली, नागपूर
१२ सप्टेंबर १९७८

चि. चंद्रभान यास शामलाताईचे अनेक आशीर्वाद. तिकडे बंगलोरला तू खुशाल असशीलच; इकडे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. बाबांची तब्येतही चांगली आहे. इतकी चांगली, की मला संशयच आला.

महिनाभरापासून दुपारी जेवले की ते खोलीची कडी लावून बसतात. (भर मे महिन्यातसुद्धा ज्यांनी कधी दार लोटलं नाही, ते.) बाहेर येतात तेव्हा डोळे लाल आणि मागोमाग एक उग्र वास. त्यात माझा भुवयांचा चिमटा नाहीसा झाला, मग सुया, मग चहाचं पातेलं. मी अंजनाबाईवर नजर ठेवू लागले, तर भांडी घासता घासता तीच म्हणाली, "माह्याकडे काहून पाहता, बाई? दादाजी पिऊन राहिले. हा वास मले शिकवू नका, माह्या घरी रोज येते." जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस! एक दुपार मी रडण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी वाटलं, पिऊ देत बिचारे, त्यांना बोलायला तरी कोण आहे? आणि मग न राहवून मागच्या खिडकीतून डोकावले.

टेबलावर तुझं विमान होतं. तेच, मामांनी मुंबईहून आणलेलं, सुटे भाग जुळवायचं. 'खेळण्यांनी पोट भरत नाही' म्हणत बाबांनी ज्याचा खोका माळ्यावर फेकला आणि तू घर सोडलंस ते. (अकरा वर्षं झाली. तुझी पत्रं मलाच येतात. पोस्टमन गेला की बाबा उगाचच ओसरीत येऊन घसा खाकरतात.) तितके उन्हाळे पत्र्याखाली काढून पंख वाकले होते, ते पातेल्यातल्या गरम पाण्यात धरून त्यांनी सरळ केले. वास प्लास्टिक जोडायच्या सोल्युशनचा नि रंगातल्या थिनरचा. रंग फाटकासाठी आणलेला चंदेरी. (कानाच्या पाळीलाही लागलाय, मला वाटलं होतं, केस काळे करताना बाटली चुकली.) चिकटवायच्या चित्रांचा भुगा झाला, म्हणून शेपटीवरचे आकडे स्वतः घातलेत, कोर्टातल्या नोकरीत कमावलेल्या वळणदार अक्षरात. वैमानिक मात्र शेपटीकडे तोंड करून बसलाय. मी खिडकीतूनच तसं म्हटलं, तर मान वर न करता म्हणाले, "मागून कोण येतंय ते नको का पाहायला?"

वेळ जात नाही म्हणून करतोय, असं त्यांचं म्हणणं. माझा काडीचा विश्वास नाही. वेळ घालवायला माणूस पत्ते खेळतो.

तुझी,
शामलाताई

ता. क. चाकं तेवढी राहिलीत. माहितीचा कागद कसरीने खाल्लाय. बाबा चाकं हातात घेतात, पाहतात, परत डबीत ठेवतात. कशी बसवायची ते लिहून कळव. हे मी विचारतेय हं, त्यांनी नाही.

आणखी एक. दूध उतू गेलं म्हणून उठले होते. परत येते तो पेन उघडं आणि कागदाला तोच वास. खालचं अक्षर माझं नाही.

शामलेने लिहिले ते बहुतेक खोटे आहे. वैमानिक सरळच बसला आहे. चाकांचे लिहून कळवू नये, पत्रावरून मला समजत नाही. दिवाळीला तिकडच्या कारखान्यास सुटी असते. तोवर मी चाकांना हात लावत नाही.
बाबा